मधले आवाज: कंडक्टर स्क्रोवाचेव्स्की आणि त्यांची रेकॉर्डिंग्ज

पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा पहिल्यांदा पाहणाऱ्या मराठी माणसाचा एक प्रश्न ठरलेला असतो. ऐंशी-नव्वद माणसं पुढ्यात कागद ठेवून वाजवतायत, काय वाजवायचं ते कागदावर लिहिलेलं आहे, मग तो पाठमोरा माणूस हातवारे करत नेमकं काय करतोय? कंडक्टर म्हटलं की आपल्याला आधी एसटीचा आठवतो. तो तिकीट फाडतो, घंटी मारतो, त्याचं काम दिसतं. याचं काय?

प्रश्न अजिबात बावळट नाही. 'ताल देतो' असं एका वाक्यात उत्तर मिळतं, पण तेवढ्यासाठी माणूस कशाला लागेल? चांगल्या ऑर्केस्ट्रातले वादक आपला ताल आपण सांभाळू शकतात. खरं काम वेगळंच आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही, फक्त ऐकू येतं. ते कुठे ऐकायचं हे सांगण्यासाठी मी एका पोलिश कंडक्टरला धरणार आहे: स्तानिस्वाव स्क्रोवाचेव्स्की. नाव उच्चारताना जीभ अडखळली तर वाईट वाटून घेऊ नका. अमेरिकेत त्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं वाजवणारेही त्यांना नुसतं 'स्टॅन' म्हणत.

करायान किंवा बर्नस्टाइनसारखे नामवंत कंडक्टर सोडून हेच का? कारण त्या दोघांचं काम ऐकण्याआधीच त्यांची कीर्ती कानात बसलेली असते. स्क्रोवाचेव्स्कींच्या बाबतीत कानावर असलं ओझं नसतं. शिवाय ते संगीतकारही होते आणि त्याचा या गोष्टीशी फार जवळचा संबंध आहे.

जन्म ३ ऑक्टोबर १९२३, गाव ल्वूफ. तेव्हा ते पोलंडमध्ये होतं, आज युक्रेनमध्ये आहे आणि त्याला ल्विव्ह म्हणतात. मुलगा पियानोत असामान्य होता. तेराव्या वर्षी बेथोव्हनचा तिसरा पियानो कॉन्चेर्टो (म्हणजे एक पियानो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) त्याने स्वतः वाजवला आणि वाजवतानाच ऑर्केस्ट्राही सांभाळला. पुढे युद्ध आलं. ल्वूफ आधी सोव्हिएत सैन्याने घेतलं, १९४१मध्ये जर्मनांनी. त्याच वर्षी बॉम्बस्फोटात एक भिंत त्याच्या अंगावर कोसळली आणि दोन्ही हात जायबंदी झाले. मैफलीत पियानो वाजवण्याचं स्वप्न तिथे संपलं.

हे ऐकून 'हात गेले म्हणून हातांनीच सगळ्यांना वाजवायला लावलं' असं काव्य सुचतं. सुचू द्या, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. तो मुलगा त्याआधीपासूनच संगीत लिहीत होता, ऑर्केस्ट्रासमोर उभा राहिलेला होता. अपघाताने एक दार बंद केलं एवढंच म्हणता येईल. उरलेल्या दोन दारांपैकी कुठलं मोठं, हा झगडा मात्र त्यांच्या मनात शेवटपर्यंत चालू होता.

लहानपणची आणखी एक गोष्ट ते स्वतः सांगत. सात-आठ वर्षांचा असताना रस्त्याने जाताना एका उघड्या खिडकीतून संगीत ऐकू आलं. मुलगा जागीच खिळला, घरी आला तो ताप घेऊनच. ते संगीत होतं आंतोन ब्रुकनरच्या सातव्या सिंफनीतलं, संथ लयीचं दुसरं प्रकरण. (सिंफनी म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची, अनेक प्रकरणांची लांब रचना.) ब्रुकनर हा एकोणिसाव्या शतकातला ऑस्ट्रियन, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा, भाविक आणि भिडस्त माणूस. सिंफनी मात्र एकेक तासाच्या, डोंगरासारख्या. हा ब्रुकनर पुढे ऐंशी वर्षांहून जास्त काळ आपल्या गोष्टीत येत-जात राहणार आहे.

आता कामाकडे वळू. सिंफनीच्या स्वरलिपीचं एक पान उघडलं तर त्यावर वीसेक ओळी एकाखाली एक दिसतात. वर फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, मध्ये हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, मग तालवाद्यं, तळाशी व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास. प्रत्येक ओळीखाली 'हळू', 'मोठ्याने', 'वाढवत न्या' अशा खुणा असतात. आता गंमत बघा. एकाच जागी फ्लूटलाही 'हळू' लिहिलंय आणि ट्रॉम्बोनलाही. पण ट्रॉम्बोनचा हळू आवाज फ्लूटच्या खालच्या पट्टीतल्या पूर्ण दमाच्या आवाजाला सहज गिळतो. दोघांनी कागदावर लिहिलंय ते प्रामाणिकपणे वाजवलं तर फ्लूट ऐकूच येणार नाही. प्रत्येक वादक आपल्या खुर्चीत बसून शेजाऱ्याचा आवाज जास्त ऐकतो, लांबच्याचा कमी. सगळं मिळून सभागृहात कसं पोचतंय हे ठरवायला एक कान लागतो. कंडक्टर म्हणजे तो कान. हात नंतर येतात.

सर्वात आधी बळी जातात ते मधले आवाज: दुसरी व्हायोलिनं, व्हिओला, हॉर्न, दुसरा क्लॅरिनेट. चाल वरच्या व्हायोलिनला, पाया डबल बासला, आणि मधल्यांच्या वाट्याला भराव, असं ऐकणाऱ्याला वाटतं. चांगल्या संगीतकाराने मात्र तिथे भराव घातलेला नसतो. तिथे दुसरी चाल असते, कधी आधीच ऐकलेल्या चालीची सावली, कधी पुढे येणाऱ्या गोष्टीची चाहूल. जो स्वतः ऑर्केस्ट्रासाठी लिहितो त्याला ती जागा घडवायला काय कष्ट पडतात ते ठाऊक असतं. स्क्रोवाचेव्स्कींच्या रेकॉर्डिंगची ओळख पटते ती इथे. मधला आवाज ऐकू येतो, आणि तो ऐकू यावा म्हणून कुणी ओरडत नाही, बाकीचे थोडे मागे सरकलेले असतात. आपल्याकडे चांगली साथसंगत करणारा माणूस गायकाच्या दोन वाक्यांमध्ये जागा सोडतो, तसं काहीसं.

युद्धानंतर ल्वूफ पुन्हा सोव्हिएत संघात गेलं आणि तिथल्या असंख्य पोलिश लोकांना पश्चिमेकडे सरकावं लागलं. १९४५पर्यंत जर्मनीत असलेलं ब्रेस्लाऊ आता पोलंडचं व्रोत्सवाफ झालं होतं. स्क्रोवाचेव्स्कींचं पहिलं पद १९४६मध्ये तिथलंच. मग पॅरिसमध्ये नादिया बुलांजे या नामवंत संगीत शिक्षिकेकडे शिक्षण, परत येऊन कातोवित्से, क्राकुफ आणि शेवटी वॉर्सा. १९५६मध्ये रोममधली सांता चेचिलिया कंडक्टिंग स्पर्धा त्यांनी जिंकली. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राचा कंडक्टर जॉर्ज सेल, त्याचं तिकडे लक्ष गेलं, १९५८मध्ये त्याने अमेरिकेत बोलावून घेतलं, आणि १९६०मध्ये छत्तीस वर्षांचे स्क्रोवाचेव्स्की मिनियापोलिस सिंफनी ऑर्केस्ट्राचे संगीत दिग्दर्शक झाले. तिथे ते १९७९पर्यंत राहिले. मधल्या काळात, १९६८मध्ये, ऑर्केस्ट्राचं नाव मिनेसोटा ऑर्केस्ट्रा झालं.

त्यांच्या आधीचे अंताल दोराती यांनी मर्क्युरी कंपनीसाठी मिनियापोलिसमध्ये ढीगभर रेकॉर्ड काढल्या होत्या. चायकोव्हस्कीच्या '१८१२ ओव्हर्चर'मध्ये खऱ्या तोफेचा बार वापरलेली त्यांची रेकॉर्ड तुफान खपली होती. या कंपनीशी असलेलं नातं स्क्रोवाचेव्स्कींना वारशात मिळालं, आणि इथे ध्वनिमुद्रणाच्या तंत्राबद्दल थोडं सांगायलाच हवं.

ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड करायच्या ढोबळ मानाने दोन रीती आहेत. एक, प्रत्येक गटाजवळ माइक लावायचा, दहा-वीस माइक, आणि मग नियंत्रण कक्षात बसून कोणाचा आवाज किती ठेवायचा ते ठरवायचं. इथे अर्धा तोल तंत्रज्ञ साधतो. दुसरी रीत मर्क्युरीची: ऑर्केस्ट्रासमोर फक्त तीन माइक टांगायचे, डावा, मधला, उजवा. पुढे त्यांचं मिश्रण करताना एखादा फ्लूट वेगळा वर काढायची सोयच नाही. सभागृहात जे घडलं ते तसंच्या तसं फितीवर. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तर ही मंडळी साध्या फितीऐवजी सिनेमाच्या पस्तीस मिलिमीटर फिल्मवर ध्वनी मुद्रित करत, कारण रुंद आणि जाड फिल्मवर खरखर कमी येते.

म्हणजे काय झालं? मर्क्युरीच्या रेकॉर्डमध्ये ऐकू येणारा तोल हा कंडक्टरचा असतो. प्रोकोफिएवच्या 'रोमिओ आणि ज्युलिएट' बॅलेतले तुकडे स्क्रोवाचेव्स्कींनी मिनियापोलिसमध्ये याच रीतीने मुद्रित केले. त्यातला दोन घराण्यांच्या वैराचा जड पावलांचा नाच बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेला असतो. हेडफोन लावा आणि वरची चाल सोडून खाली हॉर्न आणि ट्रॉम्बोन काय करतायत तिकडे कान द्या. साठ वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण आहे, तरी धागा न् धागा वेगळा काढता येतो.

हे इतकं छान चाललं होतं, तर मग त्यांचं नाव घरोघरी का पोचलं नाही? इथे संगीत संपतं आणि बाजार सुरू होतो. १९६१मध्ये मर्क्युरी कंपनी फिलिप्सच्या गोटात गेली आणि मिनियापोलिसमधलं ध्वनिमुद्रण आटत गेलं. अमेरिकेत वादक संघटनेच्या दरामुळे पूर्ण ऑर्केस्ट्रा स्टुडिओत बसवणं महाग पडे. लंडनमध्ये तेच स्वस्तात होई. याच काळात आपल्या मुंबईचे झुबिन मेहता, वयाने साडेबारा वर्षांनी लहान, १९६२मध्ये लॉस एंजेलिसला संगीत दिग्दर्शक झाले. १९६७पासून त्यांच्यामागे डेक्कासारखी बलाढ्य कंपनी उभी राहिली. दोघांची प्रतवारी लावायचा माझा इरादा नाही. पण डेक्काची तबकडी जगभरातल्या दुकानांत दर्शनी भागात लागते, आणि जिच्यामागे अशी कंपनी नाही ती तबकडी मागच्या खोक्यात पडून राहते. ऑर्केस्ट्राच्या जगात ज्याला आपण 'महान' म्हणून ओळखतो, त्यातला काही भाग कंपनीच्या विक्री खात्याने घडवलेला असतो, हे लक्षात ठेवलेलं बरं.

गंमत अशी की ज्या एका रेकॉर्डमुळे स्क्रोवाचेव्स्की लाखो घरांत पोचले, तिच्यावर लोकांनी त्यांचं नाव वाचलंच नसेल. १९६१मध्ये पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांनी लंडनमध्ये शोपँचा पहिला पियानो कॉन्चेर्टो मुद्रित केला, तेव्हा ऑर्केस्ट्रासमोर होते स्क्रोवाचेव्स्की. दोघेही पोलिश, संगीतकारही पोलिश. शोपँने ऑर्केस्ट्रासाठी जे लिहिलं ते फिकं आहे अशी जुनी तक्रार आहे, आणि कंडक्टर ते उरकून टाकतात. शिवाय शोपँमध्ये पियानोवाला लय ओढतो, सैल करतो, पुन्हा पकडतो. पन्नास-साठ वादकांना त्याच्या श्वासाबरोबर नेणं आणि तरी सम एकत्र गाठणं म्हणजे मोठा तबलजी जे एकटा करतो ते सगळ्या गावाकडून करून घेणं. ही रेकॉर्ड पुन्हा ऐकाल तेव्हा पियानो थांबल्यावर व्हायोलिनं आत कशी येतात तेवढंच ऐका. तीच साथ त्यांनी १९६७मध्ये पॅरिसमध्ये अलेक्सिस वायसेनबर्ग या पियानोवादकालाही केली.

मिनियापोलिसमध्ये त्यांची दुसरी लढाई सभागृहाची होती. ऑर्केस्ट्रा विद्यापीठाच्या नॉर्थ्रप सभागृहात वाजवत असे. जवळपास पाच हजार खुर्च्यांची ती प्रचंड खोली होती, आणि आवाज तिच्यात हरवून जाई. मधल्या आवाजांवर जीव असलेल्या माणसाला हा रोजचा जाच. नव्या वास्तूसाठी त्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १९७४मध्ये ऑर्केस्ट्रा हॉल उभा राहिला. तिथल्या छतावर आणि मंचामागच्या भिंतीवर मोठमोठे वाकडेतिकडे ठोकळे बसवले आहेत. ते शोभेसाठी नाहीत. सपाट भिंतीवरून आवाज आरशासारखा एकाच दिशेने परततो, ठोकळ्यांमुळे तो तुकडे होऊन सगळीकडे पसरतो.

त्याच वर्षी त्या नव्या सभागृहात राव्हेल या फ्रेंच संगीतकाराचं ऑर्केस्ट्रासाठीचं संगीत मुद्रित झालं, चार तबकड्यांचा संच. काढला व्हॉक्स या स्वस्त मालाच्या कंपनीने. ध्वनिमुद्रण मात्र मार्क ओबोर आणि जोआना निक्रेन्झ या जोडीचं, म्हणजे त्या काळातल्या सर्वोत्तम कानांचं. राव्हेल हा मधल्या आवाजांचा बादशहा. 'बोलेरो'त एकच चाल पंधराएक मिनिटं फिरत राहते, बदलतो तो फक्त रंग. संच कमी किमतीत विकला गेला, जाणकारांनी जपून ठेवला, आणि अलीकडे मूळ फितींवरून तो पुन्हा झळकला आहे. माझ्या मते त्यांच्या अमेरिकेतल्या कामाचा हा कळस आहे.

आणि लिहिणं? पन्नासच्या दशकाच्या अखेरीस ते जवळपास थांबलं होतं. मैफलींच्या हंगामभर दर आठवड्याला नवा कार्यक्रम, तीन-चार तालमी, मग मैफली, त्यात लिहायला सवड कुठली? १९६९मध्ये त्यांनी पुन्हा सुरुवात केली ती आपल्याच ऑर्केस्ट्रातल्या थॉमस स्टेसी या वादकासाठी इंग्लिश हॉर्नचा कॉन्चेर्टो लिहून. (इंग्लिश हॉर्न ना इंग्लिश असतो ना हॉर्न. तो ओबोचा थोरला, खालच्या पट्टीतला भाऊ.) वाद्य निवडलं तेही मधल्या आवाजाचंच! मग हात सुटला. १९९७ आणि १९९९ या दोन वर्षी त्यांच्या रचना पुलित्झर पारितोषिकाच्या अंतिम यादीत होत्या. मायदेशातल्या, म्हणजे पोलंडच्या, नव्या संगीतालाही त्यांनी वाट करून दिली. पोलिश संगीतकार पेंदेरेत्स्कीचं 'संत लूकचं पॅशन' (येशूच्या अखेरच्या यातनांची गायनरचना) अमेरिकेत पहिल्यांदा वाजलं ते १९६७मध्ये मिनियापोलिसला, त्यांच्याच हाताखाली.

१९८४ ते १९९१ ही वर्षं मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्राबरोबर गेली. ब्राम्सच्या सिंफनी वगैरे चांगल्या रेकॉर्ड निघाल्या, त्याही पुन्हा स्वस्त कंपनीकडून. इथे फार रेंगाळायचं कारण नाही, कारण खरा मुक्काम पुढे आहे.

सारब्रुकेन हे जर्मनीचं फ्रान्सच्या सीमेवरचं मध्यम आकाराचं शहर. तिथल्या रेडिओ केंद्राचा स्वतःचा सिंफनी ऑर्केस्ट्रा होता. बर्लिन किंवा व्हिएन्नाच्या पंक्तीत त्याला कुणी बसवत नसे. पण रेडिओच्या ऑर्केस्ट्राचा एक मोठा फायदा असतो. तो सार्वजनिक पैशावर चालतो, तिकीटविक्रीवर नाही, म्हणून तालमीला वेळ मिळतो. शिवाय प्रसारणासाठी सगळं मुद्रित होतच असतं, त्यामुळे सीडी काढणाऱ्याचा खर्च वाचतो. १९९१ ते २००१ या दहा वर्षांत स्क्रोवाचेव्स्कींनी इथे ब्रुकनरच्या सगळ्या सिंफनी मुद्रित केल्या. नऊ क्रमांकाच्या, आणि ब्रुकनरने स्वतः बाजूला टाकलेल्या दोन, अशा अकरा. आर्टे नोव्हा नावाच्या कंपनीने त्या एकेक करून किरकोळ किमतीत विकल्या. सुपरमार्केटच्या भावातला हा ब्रुकनर ऐकून समीक्षक चक्रावले, आणि २००२मध्ये संपूर्ण संचाला कान क्लासिकल पुरस्कार मिळाला. (हे कान म्हणजे फ्रान्समधलं शहर, ऐकायचे कान नव्हेत.)

ब्रुकनरमध्ये कंडक्टरला किती निर्णय घ्यावे लागतात याचा एकच नमुना सांगतो, तोही त्या खिडकीतून ऐकू आलेल्या सातव्या सिंफनीतला. संथ प्रकरणाच्या शिखरावर झांजांचा एकच दणका आहे, अख्ख्या सिंफनीत एकदाच. आहे की नाही? हस्तलिखितात झांज, ट्रँगल आणि नगाऱ्यांची ओळ वेगळ्या चिठ्ठीवर लिहून चिकटवलेली आहे, आणि त्या चिठ्ठीवर कुणीतरी जर्मनमध्ये 'ग्राह्य नाही' असा शेरा मारलाय. हस्ताक्षर कुणाचं यावर वाद आहे. रॉबर्ट हास या संपादकाने झांज काढून टाकली, लेओपोल्ड नोव्हाकने पुढे परत ठेवली. दोन्ही आवृत्त्या आज छापील मिळतात. झांजवाला तासभर बसून एकदा वाजवणार की घरीच राहणार, हे कंडक्टरला आधी ठरवावं लागतं. कागदावर सगळं लिहिलेलं असतं, हे म्हणणं किती खरं ते यावरून कळावं.

आणि ब्रुकनरमधला मोठा धोका म्हणजे पितळी वाद्यं. हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्युबा एकदम तुटून पडले की सभागृह हादरतं आणि ऐकणारा सुखावतो. बरेच कंडक्टर तेवढ्यावर वेळ मारून नेतात. पण त्याच क्षणी व्हिओला आणि दुसरी व्हायोलिनं जिवाच्या आकांताने काहीतरी वाजवत असतात, आणि ते ब्रुकनरने विचार करून लिहिलेलं असतं. सारब्रुकेनच्या संचात पितळी आवाज भरदार आहे, तरी तंतुवाद्यं बुडत नाहीत. मोठ्या नावाच्या ऑर्केस्ट्राची मखमल इथे नाही, काही ठिकाणी व्हायोलिनांचा आवाज जरा पातळ वाटतो, हे मान्य. मला मात्र मखमलीपेक्षा वीण दिसलेली आवडते. त्याच संचात त्यांनी ब्रुकनरच्या स्ट्रिंग क्विंटेटमधला (पाच तंतुवाद्यांच्या रचनेतला) संथ भाग पूर्ण तंतुवाद्यवृंदासाठी स्वतः बांधून वाजवला आहे. संगीतकार आणि कंडक्टर ही दोन दारं इथे एकाच खोलीत उघडतात.

त्यानंतर उतारवयात कीर्ती मागोमाग आली. २००७मध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी, टोकियोच्या योमिउरी ऑर्केस्ट्राने त्यांना मुख्य कंडक्टर नेमलं. जपानमध्ये ब्रुकनर आणि वृद्ध कंडक्टर या दोहोंवर श्रोत्यांची फार भक्ती. लंडन फिलहार्मोनिकबरोबरच्या ब्रुकनरच्या तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या सिंफनीच्या मैफलींची रेकॉर्डिंग्जही निघाली. नव्वदी गाठलेला माणूस, पण लय कुठेही ढिली पडलेली नाही.

ऑक्टोबर २०१६मध्ये त्र्याण्णव वर्षांचे स्क्रोवाचेव्स्की मिनियापोलिसच्या त्याच ऑर्केस्ट्रा हॉलमध्ये उभे राहिले, ब्रुकनरची आठवी सिंफनी घेऊन. सुमारे ऐंशी मिनिटांची ही रचना. तिच्या अगदी शेवटी ब्रुकनर चारही प्रकरणांच्या मुख्य चाली एकावर एक रचून एकाच वेळी वाजवायला लावतो. तोल गेला तर नुसता पितळी गदारोळ ऐकू येतो, साधला तर चारही चाली वेगवेगळ्या ओळखता येतात. ही त्यांची शेवटची मैफल ठरली. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी, मिनियापोलिसला लागून असलेल्या सेंट लुई पार्कमध्ये, ते वारले. सारब्रुकेनच्या संचात आठवी आहे. तिची शेवटची दोन मिनिटं लावा आणि चार चाली मोजा.